प्राथमिक शाळेत समुपदेशक झालेय, मुलांकडून काय काय करून घेऊ?

नवी पाटी · ७ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. गेल्या महिन्यापासून कोल्हापुरातल्या एका मराठी शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झालेय. शाळेचं नाव नको. पहिली ते पाचवी, आठवड्यातून तीन दिवस. खोली मिळालीय ती जिन्याखालची. आधी तिथे खेळाचं सामान असायचं. लेझमींचा पेटारा अजून तिथेच आहे, आणि मधल्या सुट्टीत वरून मुलं उतरली की आमच्या डोक्यावर ढगफुटी होते.

अडचण अशी की शिक्षक मुलाला हाताला धरून आणतात, "बाई, याला जरा समजावून सांगा" म्हणतात आणि जातात. मुलगा बुटांकडे बघत बसतो. काय झालं? काय नाही. कसं वाटतंय? बरं वाटतंय. घरी सगळे कसे आहेत? बरे आहेत. पाच मिनिटांत माझे प्रश्न संपतात आणि तासिका पस्तीस मिनिटांची असते.

काळजीपेटी ठेवून पाहिली. बुटाचं खोकं, वर फट, "मनातलं लिहा, नाव घालायची गरज नाही". पहिल्या आठवड्यात ४१ चिठ्ठ्या! उघडल्या तर निम्म्याहून जास्त खोडरबर चोरीच्या तक्रारी, संशयिताच्या पूर्ण नावासकट. एकीत "बाई तुमची साडी छान आहे". एकीत फक्त "भेंडी".

खर्चाला महिन्याला तीनशे रुपये, तेही बिल दाखवून. या वयाच्या मुलांसोबत कुणी काम केलं असेल तर करून बघितलेलं सांगा. नेटवरच्या याद्या वाचून झाल्यात, त्यात बर्फाची माणसं आणि भोपळेच फार.

रिटायर्ड मास्तर · ७ जुलै, रात्री १०.१५

३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. आमच्याकडे समुपदेशक नव्हता, चिंचेचं झाड होतं. रडणारं पोरगं झाडाखाली बसायचं आणि अर्ध्या तासानं आपोआप खेळायला जायचं. आता प्रत्येक गोष्टीला तज्ज्ञ लागतो. असो. राग मानू नका.

पाऊसवेडी · ७ जुलै, रात्री ११.०२

मास्तर, झाडाखालून उठून खेळायला गेलेली पोरं तुमच्या लक्षात राहिली. उठून घरी गेली आणि परत शाळेत आलीच नाहीत, ती?

नवी पाटी, मी पुण्यात बारा वर्षं हेच काम करतेय. पहिलं म्हणजे समोरासमोर बसू नका. मोठ्या माणसासमोर खुर्चीत बसवलेल्या मुलाला वाटतं, आता ओरडा बसणार. शेजारी बसा, दोघांच्या हाताला काम द्या आणि कामाकडे बघत बोला. शेंगा सोला, लेझमीच्या चकत्या पुसा, काहीही. हात गुंतले की तोंड सुटतं. "कसं वाटतंय" हा प्रश्न महिनाभर विसरा.

दुसरं, एक परात घ्या आणि त्यात वाळू. सोबत एक डबा: किल्ल्यावरचे मावळे, प्लास्टिकची गाय-वाघ, बाटल्यांची झाकणं, काडेपेट्या, तुटलेली गाडी, एखादा देव. "यात तुला हवं ते मांड", एवढंच सांगायचं. ही काही माझी कल्पना नव्हे. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस वाळूचा ट्रे आणि छोट्या वस्तू मुलांपुढे ठेवायला सुरुवात केली, आणि त्या खेळाला "जग" हे नाव तिथल्या मुलांनीच दिलं. मुलगा मांडत असताना तुम्ही गप्प. मग फक्त "हा इथं काय करतोय?" एवढं विचारा. बोटानं मावळ्याकडे दाखवून, मुलाकडे नाही.

आणि भेंडीची चिठ्ठी फेकू नका.

बाप माणूस · ८ जुलै, सकाळी ७.३०

मी समुपदेशक वगैरे नाही, दोन पोरांचा बाप. पण आमच्या धाकट्याच्या शाळेत कुणीतरी बाई येऊन श्वासाचा एक प्रकार शिकवून गेल्या, तो सांगतो. "डोळे मिटा, हातात फूल आहे समजा, वास घ्या, आता मेणबत्ती फुंका." पोरांनी हसून हसून वर्ग डोक्यावर घेतला. मेणबत्ती फुंकायची म्हणजे वाढदिवसच की!

मग घरी आम्ही त्याचं कोल्हापुरी करून टाकलं. हातात तांबड्या रश्श्याची वाटी धरायची. वाफ येतेय. नाकानं लांब वास घ्यायचा. आता गरम हाय, तोंड भाजंल, म्हणून हळूऽऽ फुंकर मारायची. जोरात मारली तर रस्सा अंगावर सांडतो, हा नियम. चार वेळा केलं की पोरगं निवतंय. शाकाहारी असंल तर मिसळीचा कट. गणिताच्या पेपराआधी थोरलीसुद्धा करती आता, आम्हाला दिसू नये म्हणून दप्तराआड.

नवी पाटी · ८ जुलै, रात्री ८.५५

रश्श्याचं आजच तिसरीच्या वर्गात घेतलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, माझ्यात पीस आलाय." नाद खुळा!

पाऊसवेडी, परात आणि वाळूची सोय झाली. शाळेमागे बांधकाम चालू आहे, मुकादमानं अर्धी बादली दिली, बिल नाही.

एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. माझं माहेर सातारा, शिक्षण पुण्याचं. मी मुलांशी जरा पुस्तकी बोलते, हे मला माहीतच नव्हतं. जुन्या मोज्याला बटणं शिवून एक बाहुला केला, म्हटलं याच्या तोंडून बोलू. "मला आज फार एकटं वाटतं आहे," असं बाहुला म्हणाला. पोरं गप्प. मग दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "ह्यो बातम्यातला हाय का?"

दुसऱ्या दिवशी बाहुला म्हणाला, "मला कोण खेळायलाच घेत न्हाई बघ." आणि तीच मुलगी पटकन पुढे येऊन त्याला म्हणाली, "मी घेतो की! मी पण एकटाच असतो." इथल्या मुली "मी जातो, मी येतो" असंच बोलतात, हे लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी ते ऐकून मनातल्या मनात दुरुस्त करत होते. पोरांना ते चेहऱ्यावर दिसत असणार.

रंगपेटी · ९ जुलै, दुपारी २.२०

कलाशिक्षक आहे, म्हणून एक विनंती. चित्रं काढून घ्या, पण चित्रांचं भविष्य सांगू नका. हल्ली एखादी कार्यशाळा करून आलेले लोक सांगतात, काळा रंग वापरला म्हणजे दुःख, हात काढले नाहीत म्हणजे भीती. आमच्याकडे एका मुलीनं घर काढलं, दारच नाही. पालकांना बोलावणं गेलं. आई आली, चित्र बघितलं आणि म्हणाली, "दार बोळात आहे ओ. रस्त्यावरनं दिसत नाही." उभ्या पेठेत निम्म्या घरांची दारं बोळात.

चित्र काढून झाल्यावर मुलाला एकच सांगा: "मला यातलं सांग की." तो सांगेल तेच त्या चित्राचं म्हणणं. आणि "छान" म्हणू नका. छान म्हटलं की पुढचं चित्र तुमच्यासाठी काढलं जातं.

मातीचं बघा. शाडू स्वस्त पडतो, आणि चिडलेल्या मुलाला कागदापेक्षा माती बरी. आपटता येते, फाटत नाही. बेंदराचे बैल इथल्या पोरांच्या हातात असतातच. एक चौथीतला मुलगा रोज बैल करायचा आणि रोज त्याची शिंगं मोडायचा. दहा-बारा दिवस. मी काही विचारलं नाही. मग एक दिवस मोडली नाहीत. का ते मला आजही माहीत नाही.

रिटायर्ड मास्तर · ९ जुलै, दुपारी ४.१०

हे रंगपेटींचं पटलं. आता मुद्द्याचं बोलतो.

ताई, तुमच्या गावातच याचा वारसा आहे, पुण्याहून कशाला मागवता? लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. आम्ही शिक्षक तेव्हा जाऊन बघायचो, काही जण नाकं मुरडायला जायचे. मीही त्यातलाच. तिथं मुलं परिसरातलं काहीतरी हातात घेऊन आठवडेच्या आठवडे त्याच्या मागे असायची. बोलायची, भांडायची, लिहायची. वेगळा मनाचा तास नव्हता, तो त्यातच होता. तुम्ही एकेक खेळ गोळा करताय ते ठीक, पण लांब चालणारं एक काम घ्या. दिवाळीत किल्ला घ्या. मोठ्या पोरांचं राज्य, धाकटी फक्त माती आणणार, आणि एक पोरगं लांब उभं राहून बघणार, हे प्रत्येक किल्ल्यावर होतं. तुमचं काम तिथंच.

शनिवारही सोडू नका. २०२४ पासून शासनाचा "आनंददायी शनिवार" उपक्रम आहे, पहिली ते आठवीला. बऱ्याच शाळांत त्या दिवशी काय घ्यायचं हा प्रश्नच असतो. तुम्ही मागा, मुख्याध्यापक आनंदानं देतील.

पाऊसवेडी · ९ जुलै, रात्री ९.३०

मास्तर, परवाचा टोमणा मागे घेते.

शनिवार वर्गाला घेण्याचा आणखी एक फायदा. शाळेतली सगळी मुलं तुमच्याकडे येऊन गेली की "समुपदेशकाकडे पाठवीन हं" ही धमकी बोथट होते. काही शिक्षक ती हमखास देतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायलाच नाही, मुलाला मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. पण तो कायदा शिक्षकांच्या तोंडावर वाचून दाखवू नका, खोलीला चांगलं नाव द्या.

नवी पाटी · १६ जुलै, रात्री १०.२०

नाव पोरांनीच पाडलं: लेझीमखोली. "बाई, मी लेझीमखोलीत जाऊ?" असं आता मधल्या सुट्टीत विचारतात. परवा पाचवीतली एक मुलगी आली ती शिष्यवृत्तीच्या सराव पेपराआधी रोज पोटात दुखतं म्हणून. बोलली काही नाही, अर्धा तास चकत्या पुसल्या, "उद्या उरलेल्या करतो" म्हणून गेली.

आता आजची गंमत. भावना मोजायला भिंतीवर थर्मामीटर काढला होता. खाली निळा म्हणजे शांत, वर लाल म्हणजे संताप. पोरांना काही केल्या कळेना. ताप म्हटलं की त्यांना कपाळावर धरायचं पिस्तूल आठवतं. मग तिसरीतला एक जण म्हणाला, "बाई, हे राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीसारखं करूया की."

मी चाटच पडले. पंचगंगेचं पाणी किती चढलं ते त्या पट्टीवर मोजतात. इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. आम्ही मिळून कार्डशीटची लांब पट्टी केली. ३९ ला पिवळी रेघ, ४३ ला तांबडी. ज्याला वाटेल त्यानं आपली कागदी होडी तिथे लावायची. "३९ झालं की काय करायचं?" विचारलं तर पोरंच सांगायला लागली: पाणी प्यायचं, रस्सा फुंकायचा, बाईंना सांगायचं, लांब जाऊन बसायचं. एक जण म्हणाला, राधानगरीचे दरवाजे. धरण भरलं की ते सातही आपोआप उघडतात, कुणी उघडावे लागत नाहीत, पाणी उतरलं की आपले आपण मिटतात. "माझं तसंच हाय, मला कळतच न्हाई कधी उघडलं ते." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. त्याला मारामारीसाठी तीनदा माझ्याकडे पाठवलं होतं, तीन वेळा तो बुटांकडे बघत बसला होता.

बाप माणूस · १६ जुलै, रात्री १०.४१

लई भारी! फोटो टाका की पट्टीचा.

रंगपेटी · १७ जुलै, सकाळी ८.०५

+१. आमच्या शाळेत ढापणार, आधीच सांगतो.

चिखलीकर · १७ जुलै, सकाळी ११.५०

आजवर नुसता वाचत होतो, पण आज लिहितोय. ताई, तुमची पट्टी हुशारीची आहे, पण काढा.

मी प्रयाग चिखलीचा. २०१९ ला पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला परत तेच. दोन्ही वेळा आम्ही जनावरं सोडून बोटीतनं बाहेर पडलो. तुमच्या शाळेत आमच्याकडची, आंबेवाडीची, नदीकाठच्या गल्ल्यांतली पोरं असणार. तुम्हाला ४३ म्हणजे तांबडी रेघ. आमच्या घरात ४३ म्हणजे म्हातारी उठून भांडी माळ्यावर टाकायला लागती, बाप फोनवर, आई रडती, आणि पोरगं कोपऱ्यात बसून सगळ्यांची तोंडं बघतंय. २०१९ ला पाळण्यात असलेलं पोरगं आज तुमच्या पहिली-दुसरीत बसत असंल. त्याला पूर आठवत नसंल, पण दरवर्षी जुलैत घरातली तोंडं दिसतात.

आज पाऊस बघितलाय का बाहेर? आणि शाळेच्या भिंतीवर पण तीच पट्टी. चुकलं असंल तर माफ करा.

नवी पाटी · १७ जुलै, दुपारी १.१५

चुकलं नाही तुमचं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि जाऊन काढून ठेवली. दोन मुलांनी होडी लावलीच नव्हती, सगळ्यांनी लावली तरी. मला वाटलं, लाजतायत.

पाऊसवेडी · १७ जुलै, रात्री ९.००

चिखलीकर दादा, बरं झालं लिहिलंत.

माझं थोडं वेगळं मत आहे, पण पट्टी काढली ते योग्यच. पुराबद्दल मुलांशी बोलूच नये असं नाही, उलट घरात कुणी बोलत नाही म्हणून तर ती तोंडं बघत बसतात. पण कधी आणि किती बोलायचं हे त्या मुलाच्या हातात हवं, भिंतीवर कायम टांगलेलं नको. पाणी चढत असताना मुलाला लागते ती माहिती: आपण कुठं जाणार, कोण कोण बरोबर असणार, मांजराचं काय. सोबत एक पिशवी भरून ठेवायची, त्यात त्याची एक आवडती वस्तू त्यानं स्वतः घालायची. पट्टी, होड्या, चित्रं हे सगळं पाणी उतरल्यावर, ज्याला हवं त्यानं. तोवर राग मोजायला कुकरच्या शिट्ट्या घ्या. किती शिट्ट्या झाल्या, गॅस कधी बारीक करायचा, कुकर थंड व्हायच्या आत झाकण उघडलं तर काय होतं.

चिखलीकर · १७ जुलै, रात्री ९.२२

पिशवीचं बरोबर आहे. आमच्या पोरीनं २०२१ ला सोनतळीला येताना पाटी घेतली होती. कपडे न्हाईत, पाटी.

कागलची सून · १९ जुलै, दुपारी ३.३०

मध्येच विचारते. मी पण याच कामात नवी आहे. खेळता खेळता मुलानं काही भलतंच सांगितलं तर? म्हणजे घरात कुणी हात लावतं वगैरे. मला त्याचीच भीती वाटते, म्हणून मी खोलात जातच नाही.

पाऊसवेडी · १९ जुलै, रात्री ८.४५

ही भीती सगळ्यांना असते. म्हणून सुरुवातीलाच, पहिल्याच भेटीत, गुपिताचा नियम मुलाच्या भाषेत सांगून टाका: "इथं बोललेलं मी कुणाला सांगत नाही. पण तुला कुणी दुखवत असेल, किंवा तू स्वतःला किंवा दुसऱ्याला दुखवशील असं मला वाटलं, तर मी मदत आणायला मोठ्या माणसाला सांगणार. आधी तुला सांगून." नियम आधी सांगितला नाही तर नंतर तो विश्वासघात होतो.

आणि मुलानं सांगितलंच तर चेहरा शांत ठेवा. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही." जास्त खोदून विचारू नका, चौकशी करणं आपलं काम नव्हे, आणि तेच ते चार जणांपुढे वदवून तर मुळीच घेऊ नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसकट लगेच लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा तशी भीती असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. "शाळेचं नाव जाईल, आपण आत मिटवू" असं कुणी म्हटलं तरी. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा, मोठ्यांच्या नव्हे. तुमच्यासाठीही एक लिहून ठेवा: १४४१६, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी. असं काही ऐकल्यावर त्या रात्री झोप लागत नाही.

नवी पाटी · १८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

धागा वर काढतेय. चार महिन्यांचा हिशोब.

परात फार चालली. लेझमी आता चकाचक आहेत, पीटीचे सर खूश. काळजीपेटी बंद केली आणि परत चालू केली, पण आता दोन खोकी: "बाईंनी वाचावं" आणि "कुणीच वाचू नये". दुसऱ्यातल्या चिठ्ठ्या दर शनिवारी मुलांसमोर न उघडता पाण्यात भिजवून त्यांचा लगदा करतो, आणि त्याचे मुखवटे. दुसरं खोकं जास्त भरतं. स्नेहसंमेलनात "निवडक चिठ्ठ्या वाचून दाखवू, नावं न घेता" अशी सूचना वरून आली होती. मी नाही म्हणाले. थोडं वाजलं, पण निभावलं. मुखवटे दाखवणार आहोत.

दिवाळीच्या सुट्टीआधी किल्ला केला, पन्हाळा. मास्तर म्हणाले तसं एक पोरगं लांब उभं होतं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला मुलगा, बीडकडचा, नुकताच वर्गात आलेला, मार्चमध्ये जाईल. त्याचं बोलणं ऐकून बाकीची हसतात. त्याला म्हटलं, किल्ल्याखाली गाव लागतं, ते तू कर. त्यानं कोप्या केल्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या. उसाच्या पाचटाच्या, दहा-बारा, बैलगाड्यांसकट. पोरं म्हणाली, पन्हाळ्याखाली असं गाव नाही. तो म्हणाला, "आता हाय."

भेंडीची चिठ्ठी कुणाची तेही कळलं. बाहुल्यानं विचारल्यावर. आई दवाखान्यात होती त्या महिन्यात बाबा रोज तेवढीच एक भाजी करत होते.

आणि पट्टी. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर होडी न लावलेल्या दोघांपैकी एकानं विचारलं, "बाई, ती पट्टी कुठाय?" पेटाऱ्यात होती. त्यानं ती जमिनीवर अंथरली, ५५ च्या वर एक पिवळा ठिपका काढला आणि म्हणाला, "इथं आमची म्हैस." एवढंच. मग पट्टी गुंडाळून स्वतःच पेटाऱ्यात ठेवली.

चिखलीकर · १८ नोव्हेंबर, रात्री ९.३५

वाचलं ताई.

रिटायर्ड मास्तर · १८ नोव्हेंबर, रात्री १०.००

कोप्यांचा फोटो असेल तर मला पाठवा. आणि पीटीच्या सरांना सांगा, लेझमीला खोबरेल तेल लावू नका, चिकट होतात.

शाडूवाला · १९ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपतीचं काम. धागा बायकोनं वाचून दाखवला. सीझन संपल्यावर आमच्याकडं तुकड्या-तुकड्यांची माती उरती, भिजवून परत वापरता येती. शाळेला पाहिजे असंल तर पैसे नकोत. बुधवारी सकाळी या, पोतं घेऊन या. बिल मात्र मिळणार न्हाई.